मूलद्रव्यांची खतावणी

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार चालत आला आहे, त्या घराला रोजकीर्द आणि खतावणी यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. कीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरतो. आज कापडाची विक्री, त्याखाली हमालीचा खर्च, त्याखाली जुन्या उधारीची वसुली. प्रत्येक नोंद खरी असते. परंतु केवळ कीर्द चाळून पेढीची स्थिती कळत नाही. ती कळते खतावणीवरून. तेथे प्रत्येक नोंद आपापल्या खात्यात जाऊन बसते आणि कोणाचा कोणाशी काय संबंध आहे ते उघड होते.

इ. स. १८६९ पर्यंत रसायनशास्त्राची स्थिती कीर्दीसारखी होती. ६३ मूलद्रव्ये माहीत झाली होती. सोने, चांदी, तांबे, लोखंड, गंधक ही प्राचीन काळापासून ओळखीची; फॉस्फरस सतराव्या शतकातला; ऑक्सिजन अठराव्या शतकातला; कितीएक एकोणिसाव्या शतकातले. प्रत्येकाचे गुणधर्म तपशिलाने लिहून ठेवलेले होते. परंतु सोडिअम आणि पोटॅशिअम पाण्यात टाकले असता दोन्ही का पेट घेतात, क्लोरिन आणि आयोडिन यांच्या स्वभावात इतके साम्य का, याचे उत्तर कोणत्याही पानावर नव्हते. कीर्द भरगच्च होती, खतावणी मात्र कोणी लिहिली नव्हती. ती कशी लिहिली गेली आणि आपल्या सराफ बाजारापासून स्वयंपाकघरापर्यंत तिचा संबंध कसा पोहोचतो, हे या लेखात पाहू.

पहिले प्रयत्न

या दिशेने पहिले पाऊल जर्मनीतील डोबेरायनर यांनी टाकले. १८२९ मध्ये त्यांनी दाखवून दिले की काही मूलद्रव्ये तीन-तीनच्या गटात बसतात आणि मधल्याचे वजन दोन टोकांच्या सरासरीइतके येते. लिथिअमचा अणुभार ७, पोटॅशिअमचा ३९. दोहोंची सरासरी २३, आणि सोडिअमचा अणुभार नेमका २३. हिशेब सुबक होता, पण थोड्याच मूलद्रव्यांना लागू पडत होता.

पुढे इंग्लंडमधील न्यूलँड्स यांनी मूलद्रव्ये वजनाच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा दर आठव्या स्थानी पहिल्यासारखाच स्वभाव पुन्हा दिसू लागला. गाण्यातील सप्तकाप्रमाणे आठवा स्वर पहिल्याशी जुळावा, तसे. १८६६ मध्ये लंडनच्या रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हे सांगितले, तेव्हा एका सभासदाने विचारले की आपण मूलद्रव्ये नावांच्या अक्षरक्रमाने लावून पाहिली आहेत काय? सभेने हा विषय हसण्यावारी नेला. एकवीस वर्षांनी, १८८७ मध्ये, रॉयल सोसायटीने याच न्यूलँड्स यांना डेव्ही पदक दिले. न्यूलँड्स यांच्या मांडणीत एक उणीव मात्र खरोखर होती. त्यांनी प्रत्येक घर भरून टाकले. जे अजून सापडलेच नाही, त्यासाठी जागा राखावी हे त्यांना सुचले नाही.

सायबेरियातील एका मातेचा मुलगा

ती जागा राखली दिमित्री मेंडेलीव्ह यांनी. त्यांचा जन्म १८३४ मध्ये सायबेरियातील तोबोल्स्क येथे झाला. अनेक भावंडांतील हा सर्वांत धाकटा. वडील शाळेचे प्रमुख होते. परंतु त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि नोकरीही सुटली. संसाराचा भार आई मारिया यांच्यावर आला. माहेरच्या मालकीचा काचेचा एक कारखाना होता; तो चालवून त्यांनी घर सावरले. १८४७ मध्ये पती निवर्तले आणि पुढच्याच वर्षी कारखाना आगीत जळाला. धंदा गेला, वय झाले होते. तरीही धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी ही बाई हजारो किलोमीटरचा प्रवास करून मॉस्कोला गेली. तेथील विद्यापीठाने प्रवेश नाकारला. मग ती सेंट पीटर्सबर्गला गेली. १८५० मध्ये तेथील अध्यापन संस्थेत मुलाला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी तिने देह ठेवला. पुढे १८८७ मध्ये द्रावणांवरील आपला मोठा ग्रंथ मेंडेलीव्ह यांनी मातेच्या स्मृतीस अर्पण केला.

मेंडेलीव्ह यांना खतावणीची गरज भासली ती पाठ्यपुस्तक लिहिताना. रसायनशास्त्राच्या त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग संपत आला, तेव्हा हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन आणि क्लोरिनचे कुळ एवढीच मूलद्रव्ये त्यात सांगून झाली होती. पन्नासहून अधिक मूलद्रव्ये शिल्लक, आणि ती सर्व एका भागात बसवायची. त्यासाठी क्रम हवा, आणि क्रमासाठी तत्त्व हवे. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १७ फेब्रुवारी १८६९, म्हणजे आपल्या आजच्या पंचांगाप्रमाणे १ मार्च, या दिवशी ते एका संस्थेच्या वतीने चीज तयार करणाऱ्या दुग्धालयांच्या पाहणीसाठी निघणार होते. त्या दौऱ्याविषयी आलेल्या पत्राच्या मागील बाजूवरच मूलद्रव्यांच्या वजनांची जुळणी त्यांच्या हातची आढळते. वजनाच्या चढत्या क्रमाने मूलद्रव्ये मांडली की त्यांचे गुणधर्म ठराविक अंतराने फिरून येतात, हे तत्त्व त्यांच्या हाती आले होते. अशा फिरून येण्यालाच आवर्तन म्हणतात, आणि म्हणून या कोष्टकाचे नाव आवर्तसारणी. तिच्यातील आडव्या ओळींना आवर्त म्हणतात, उभ्या रकान्यांना गण. एका गणातील मूलद्रव्ये म्हणजे एका खात्यातील नोंदी.

राखून ठेवलेली घरे

मांडणी करताना जेथे स्वभाव जुळेना, तेथे मेंडेलीव्ह यांनी पुढचे मूलद्रव्य ओढून आणून घर भरले नाही. त्यांनी घर रिकामे ठेवले आणि त्यात प्रश्नचिन्ह लिहिले. १८७१ मध्ये त्यांनी याहून धाडसी गोष्ट केली. अशा तीन घरांतील अज्ञात मूलद्रव्यांचे वर्णन त्यांनी वरच्या-खालच्या आणि डाव्या-उजव्या शेजाऱ्यांवरून आधीच लिहून ठेवले. त्यांना नावे दिली एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनिअम आणि एका-सिलिकॉन. यातील ‘एका’ हा शब्द संस्कृतातील ‘एक’ होय. बोरॉनच्या खालचे पहिले, ॲल्युमिनिअमच्या खालचे पहिले, असा त्याचा अर्थ. बोटलिंक आणि रोठ यांचा संस्कृत-जर्मन महाकोश त्याच काळात सेंट पीटर्सबर्ग येथून प्रसिद्ध होत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे रशियन रसायनशास्त्रज्ञाच्या लेखणीत हा शब्द आल्याचे नवल वाटत नाही.

१८७५ मध्ये फ्रान्समधील लकॉक द बॉइसबोद्रां यांना एक नवा धातू सापडला. त्याला गॅलिअम हे नाव मिळाले. गुणधर्म एका-ॲल्युमिनिअमशी जुळत होते, पण घनता ४.७ भरली. मेंडेलीव्ह यांनी ती ५.९ ते ६.० असावी असे लिहिले होते. आपल्याजवळ त्या धातूचा कणही नसताना त्यांनी कळवले की नमुना पुरेसा शुद्ध नसावा, पुन्हा पाहावे. नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजण्यात आला. घनता ५.९ आली. १८७९ मध्ये स्वीडनमधील निल्सन यांना स्कँडिअम सापडले, तेच एका-बोरॉन. १८८६ मध्ये जर्मनीतील विंक्लर यांनी जर्मेनिअम शोधले. एका-सिलिकॉनचा अणुभार मेंडेलीव्ह यांनी ७२ सांगितला होता, तो ७२.६ निघाला. त्याच्या ऑक्साइडची घनता ४.७ सांगितली होती, ती ४.७ भरली. त्याचे क्लोराइड १०० अंश सेल्सिअसच्या आत उकळेल असे म्हटले होते, ते सुमारे ८६ अंशांवर उकळले. पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला जमाखर्च पैशापैशाने जुळावा, तसे हे झाले.

जुन्या नोंदीही त्यांनी तपासून घेतल्या. इंडिअम धातूचा अणुभार तेव्हा ७५.६ मानला जाई. त्या वजनाच्या आसपास मांडणीत जागाच नव्हती. तेथे आर्सेनिक आणि सेलेनिअम बसलेले होते. मूळ मापन ३७.८ चे होते आणि इंडिअमची संयुजा दोन धरून त्याची दुप्पट केली होती. मेंडेलीव्ह म्हणाले, संयुजा तीन धरा. ३७.८ गुणिले ३ म्हणजे ११३.४, आणि त्या वजनाला इंडिअमसाठी जागा मोकळी होती. आजचा आकडा ११४.८ आहे. मापन चुकले नव्हते, गुणाकार चुकला होता.

त्यांचे सर्वच अंदाज खरे ठरले असे मात्र नाही. हायड्रोजनहूनही हलकी मूलद्रव्ये असावीत, ही त्यांची उतारवयातील कल्पना साफ कोसळली. पण ज्या विधानाची परीक्षा होऊ शकते, असे विधान आकड्यांसह आणि आपल्या नावाने करणे, आणि मग वाट पाहणे, ही त्यांची रीत होती. त्यांची कीर्ती केवळ बरोबर आलेल्या उत्तरांमुळे झाली नाही, चुकण्याची जोखीम उघडपणे घेतल्यामुळे झाली. आणखी एक गोष्ट व्यापारी घरांना आवडेल. १८९३ पासून मेंडेलीव्ह हे रशियाच्या वजनमापांच्या मुख्य कार्यालयाचे प्रमुख होते. अणूंची वजने लावणाऱ्या या माणसाने आपली अखेरची वर्षे बाजारातील वजने खरी करण्यात घालवली.

वजनाने की नगाने?

एक गाठ मात्र त्यांच्या हयातीत सुटली नाही. टेल्युरिअमचा अणुभार १२७.६ आणि आयोडिनचा १२६.९. वजनाचा क्रम पाळला तर आयोडिन आधी येते. पण स्वभावाने आयोडिन हे निःसंशय क्लोरिन-ब्रोमिनच्या कुळातले, म्हणजे टेल्युरिअमनंतरचे. मेंडेलीव्ह यांनी स्वभावाला मान देऊन टेल्युरिअम आधी ठेवले आणि टेल्युरिअमच्या वजनात चूक असावी असे मानले. जागा बरोबर होती, कारण चुकीचे होते. वजन पुनःपुन्हा मोजले गेले, आणि ते तेवढेच भरत राहिले.

१९१३ मध्ये हेन्री मोस्ले या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने ही गाठ सोडवली. प्रत्येक अणूच्या केंद्रकात ठराविक धनप्रभार असतो, आणि एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना तो बरोबर एकाने वाढतो, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. हाच अणुअंक. टेल्युरिअमचा अणुअंक ५२, आयोडिनचा ५३. वाद मिटला. आपल्या भाषेत सांगायचे तर मेंडेलीव्ह यांनी माल वजनाने मोजला होता, आणि निसर्ग तो नगाने मोजत होता. बहुतेक वेळा नग वाढले की वजनही वाढते, म्हणून वजनाची खतावणी इतकी बरोबर आली. जेथे फरक पडला, तेथे नगाचा हिशेब खरा ठरला. मोस्ले यांना पुढे काम करता आले नाही. पहिल्या महायुद्धात १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोली येथे त्यांना वीरगती प्राप्त झाली. त्यांचे वय अवघे २७ होते.

कल कोठून येतो

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गुणधर्म फिरून का येतात? अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक असते आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन कवचाकवचांनी असतात. रसायनातील सारी देवाणघेवाण सर्वांत बाहेरच्या कवचावर होते. सोडिअमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. तो देऊन टाकण्यास सोडिअम उत्सुक असते. क्लोरिनच्या कवचात सात असतात. आठ होण्यास एक कमी पडतो, म्हणून ते घेण्यास उत्सुक. दोघांचा व्यवहार झाला की मीठ तयार होते. ज्यांचे कवच पूर्ण भरलेले आहे, त्या हेलिअम, निऑन, अरगॉन यांना ना द्यायचे, ना घ्यायचे. एका गणातील सर्वांच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन सारखेच असतात, म्हणून त्यांचा स्वभाव सारखा.

यावरूनच दोन मुख्य कल समजतात. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना कवचांची संख्या तीच राहते, पण केंद्रकाचा प्रभार वाढत जातो. ओढ वाढते आणि अणू आक्रसतो. लिथिअमच्या अणूची त्रिज्या १५२ पिकोमीटर, तर त्याच ओळीतील कार्बनची ७७ आणि ऑक्सिजनची ६६. एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. उलट गणात वरून खाली येताना दर पायरीला एक नवे कवच वाढते. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो आणि आतली कवचे मध्ये आड येतात. म्हणून लिथिअम १५२, सोडिअम १८६, पोटॅशिअम २३१, असा आकार वाढतो.

जो इलेक्ट्रॉन दूर आहे, तो सैल धरलेला असतो. तो काढून घेण्यास लागणाऱ्या ऊर्जेला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. लिथिअमसाठी ती दर मोलला ५२० किलोज्यूल, सोडिअमसाठी ४९६, पोटॅशिअमसाठी ४१९, सीझिअमसाठी ३७६. मुख्य पेढीपासून दूरच्या शाखेवर मालकाची पकड सैल होत जावी, तसा हा उतार आहे. म्हणूनच पाण्यात टाकल्यावर लिथिअम संथपणे फसफसते, सोडिअम सळसळत धावते, पोटॅशिअम जांभळ्या ज्योतीने पेटते आणि सीझिअमचा तत्क्षणी स्फोट होतो.

कल म्हणजे ताठ रेष नव्हे, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या आवर्तात उजवीकडे जाताना आयनीभवन ऊर्जा वाढावी. पण बेरिलिअमची ८९९ असताना बोरॉनची ८०१ येते, आणि नायट्रोजनची १४०२ असताना ऑक्सिजनची १३१४. कवचाच्या आत उपकवचे असतात, आणि ती पूर्ण किंवा अर्धी भरलेली असली की अणूला अधिक स्थैर्य मिळते, हे याचे कारण. बाजाराचा कल तेजीचा असला तरी रोजचा भाव वर-खाली होतोच. जाणता व्यापारी दोन्ही पाहतो.

सराफ बाजारातील तीन शेजारी

अपवादांतील सर्वांत मौल्यवान अपवाद आपल्या तिजोरीत असतो. तांबे, चांदी आणि सोने हे तीन धातू आवर्तसारणीच्या अकराव्या गणात एकाखाली एक बसलेले आहेत. जगातील नाणी या तिन्ही धातूंची का झाली, याचे मोठे कारण हे एक खाते होय. तिन्ही मऊ, तिन्हींची तार व पत्रा उत्तम निघतो, तिन्ही सहजी गंजून नाहीसे होत नाहीत.

आता कल लावून पाहा. गणात खाली जाताना आकार वाढला पाहिजे. तांब्याची धातूतील त्रिज्या १२८ पिकोमीटर, चांदीची १४४. येथवर ठीक. सोन्याची याहून मोठी असावयास हवी होती. तीही १४४ च आहे. खाली जाताना आयनीभवन ऊर्जा घटली पाहिजे. तांब्याची ७४५, चांदीची ७३१. येथवरही ठीक. सोन्याची मात्र ८९०. म्हणजे सोने आपला इलेक्ट्रॉन चांदीपेक्षा अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणून हवेतील गंधकाच्या वायूने चांदीची समई काळवंडते आणि सोन्याची साखळी पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

हा नियमभंग दोन कारणांनी होतो. चांदी आणि सोने यांच्या दरम्यान लॅन्थॅनाइड नावाची मूलद्रव्यांची लांब रांग येते. तेथे चौदा इलेक्ट्रॉन आतील उपकवचात भरले जातात. ते केंद्रकाची ओढ नीट झाकू शकत नाहीत आणि पुढचे सर्व अणू आक्रसतात. दुसरे कारण आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेचे आहे. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन असल्याने अगदी आतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ५८ टक्के वेगाने फिरतात. इतक्या वेगामुळे कवचे आत ओढली जातात आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतील अंतर बदलते. परिणामी सोने निळा प्रकाश शोषून घेते आणि उरलेला पिवळा आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. चांदीत हे अंतर मोठे असल्याने दृश्य प्रकाश सगळाच परत येतो, म्हणून ती शुभ्र दिसते. सोन्याचा पिवळा रंग हा असा सापेक्षतेचा पुरावा आहे, आणि तो अंगावर मिरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याची कल्पना असते.

याच आकारसाम्यातून आणखी दोन गोष्टी निघतात. चांदी आणि सोने यांचे अणू सारख्या मापाचे आणि सारख्या रचनेने बसणारे असल्याने दोन्ही धातू कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. सोन्यात चांदीची भेसळ इतकी सोपी आणि ती डोळ्याने ओळखणे इतके कठीण का, याचे उत्तर येथे आहे. आणि कसोटीचा दगड शतकानुशतके सराफाच्या हाती का राहिला, याचेही. दुसरी गोष्ट घनतेची. माप सारखे असेल तर वजनाचा फरक अणुभारानेच ठरणार. चांदीचा अणुभार १०७.९ व घनता १०.५, सोन्याचा अणुभार १९७. त्रैराशिक मांडले तर सोन्याची घनता सुमारे १९.२ येते. प्रत्यक्षात ती १९.३ आहे. चौथीतील गणिताने अणूच्या पोटातील गोष्ट इतकी अचूक सांगता येते.

शेजारच्या खात्यातील धोका

अकराव्या गणाला लागून बारावा गण आहे. त्यात जस्त, कॅडमिअम आणि पारा हे एकाखाली एक बसतात. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळते, कॅडमिअम ३२१ ला आणि पारा उणे ३९ ला. उत्कलनबिंदूही तसेच उतरतात. ९०७, ७६७ आणि ३५७. एका खात्यातील ही घसरण नीट लक्षात ठेवावी, कारण तिच्याशी माणसांचे प्राण जोडलेले आहेत.

कॅडमिअमचा शोध १८१७ मध्ये जर्मनीतील स्ट्रोमायर यांना लागला, तो जस्ताच्या एका संयुगात भेसळ म्हणून. आजही तो मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणातून मिळतो. एका गणाचे असल्यामुळे निसर्गात हे दोघे एकत्र राहतात. शरीरातही हीच गफलत होते. जस्त आपल्याला आवश्यक आहे. कॅडमिअम त्याच्यासारखे भासत असल्याने शरीर त्याला आत घेते, आणि ते मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचत राहते. जपानमधील जिंझू नदीच्या काठी जस्ताच्या खाणीतून कॅडमिअम पाण्यात गेले, पाण्यातून भातशेतीत आणि भातातून माणसांत. हाडे इतकी ठिसूळ झाली की नुसत्या हालचालीने ती मोडत. वेदनेच्या उद्गारावरूनच त्या रोगाला ‘इताई-इताई’ हे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने त्याचे कारण कॅडमिअम असल्याचे मान्य केले.

आपल्या बाजारात हा धातू वेगळ्या नावाने वावरला. ‘केडीएम’ हा शब्द दागिन्यांच्या दुकानांवर अनेक वर्षे शुद्धतेची खूण म्हणून झळकत असे. तो कॅडमिअम या शब्दापासूनच आला. दागिन्याचा सांधा झाळण्यासाठी पूर्वी तांबे व चांदी अधिक असलेला मिश्रधातू वापरीत, आणि दागिना आटवला की त्या सांध्यांमुळे सोन्याचा कस उतरे. कॅडमिअममुळे ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमिअम एवढ्यावर सांधा सहज जुळू लागला. ग्राहकाला कस मिळाला, सराफाला नाव मिळाले. परंतु सोने वितळण्यासाठी १०६४ अंश लागतात आणि कॅडमिअम ७६७ अंशांवरच उकळते. सांधा झाळताना त्याची वाफ होई, आणि ती वाफ भट्टीवर वाकलेल्या कारागिराच्या छातीत जाई. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांना ती घातक आहे आणि कर्करोगास कारण होते, हे आज निश्चित झाले आहे. आता कॅडमिअमऐवजी जस्त व अन्य धातू वापरता येतात. त्याच गणातील वरचे घर, आणि तुलनेने निर्धोक. शुद्धतेची खात्री हॉलमार्क देतो. बावीस कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, हे त्यावर स्पष्ट असते. ज्यांचा हा व्यवसाय आहे, त्यांनी आपल्या कारागिराच्या हाती सांध्यासाठी काय आहे हे एकदा स्वतः पाहावे. ग्राहकांनीही ‘केडीएम’ या अक्षरांकडे प्रशस्तिपत्र म्हणून पाहू नये.

घरातील मिठाचीही हीच कथा आहे, मात्र सौम्य. ‘कमी सोडिअमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडिअम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशिअम क्लोराइड घातलेले असते. दोन्ही एका गणातील, म्हणून चव खारटच लागते. पण आकारातील फरक आपल्या पेशी ओळखतात. हृदयाचे ठोके पोटॅशिअमच्या नेमक्या प्रमाणावर अवलंबून असतात. ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत, त्यांच्या शरीरातून जादा पोटॅशिअम बाहेर पडत नाही. अशांनी वैद्यांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नये.

मुलांसाठी एक खेळ

आज आवर्तसारणीत ११८ मूलद्रव्ये आहेत. शेवटच्या चारांची नावे २०१६ मध्ये मान्य झाली आणि सातवे आवर्त पूर्ण भरले. १०१ क्रमांकाच्या मूलद्रव्याला मेंडेलेव्हिअम हे नाव आहे. मेंडेलीव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. १९०७ मध्ये ते निवर्तले.

दहावीत शिकणाऱ्या मुलांना हा धडा येतो, आणि बहुतेक घरांत तो घोकून पाठ केला जातो. त्याऐवजी आई-वडिलांनी मुलाजवळ बसून एक खेळ करावा. आवर्तसारणी समोर ठेवावी आणि ब्रोमिनच्या घरावर एक रुपयाचे नाणे ठेवावे. वर क्लोरिन आहे, अणुभार ३५.५, साधारण तापमानाला वायू. खाली आयोडिन आहे, अणुभार १२६.९, स्थायू. मुलाला विचारावे, झाकलेल्या घरात काय असेल? सरासरी काढली तर ८१.२ येते. वायू आणि स्थायू यांच्या मधले, म्हणजे द्रव असावे असेही तो म्हणेल. मग नाणे उचलावे. अणुभार ७९.९, आणि ब्रोमिन खरोखरच द्रव आहे. एक-सव्वा एककाचा फरक का पडला, हा प्रश्न मुलाने आपणहून विचारला, तर धडा त्याला समजला असे खुशाल मानावे.